कारागिराकडून परत आलेले पिस्तूल

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

खास कामासाठी कारागिराकडे दिलेले पिस्तूल परत हाती येते, तेव्हा नवी मूठ आणि नवी चकाकी पाहण्यात मालक इतका हरखून जातो की तपासणी राहूनच जाते. माझेही तसेच होणार होते. पिस्तूल जॉन ब्राउनिंग यांच्या, अमेरिकी सैन्याने १९११ साली स्वीकारलेल्या बनावटीचे. मॅगझिन (गोळ्या भरायची पेटी) काढून, चेंबर म्हणजे नळीतली गोळीची जागा रिकामी असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करून मी घोडा (गोळी उडवण्यासाठी आघात करणारा मागचा भाग) चढवला, सेफ्टी म्हणजे गोळी चुकून सुटू न देणारी कळ लावली, चाप दाबून सोडला. आणि सेफ्टी खाली करून काढताच घोडा आपोआप पडला. घोडा अडवून धरणारा भाग सेफ्टीने पुरता रोखला जात नव्हता. धातू केसभर जास्त घासला गेला होता, इतकेच! आत गोळी असती, तर ती सुटली असती.

म्हणून कळकळीची विनंती अशी, की कोणता भाग बदलला, कोणता घासला आणि चापाला किती जोर लागतो, याची लेखी नोंद कारागिरांनी द्यावी व ही चाचणी मालकासमोर करून दाखवावी. मालकांनीही नेमबाजीच्या रेंजवर पहिल्यांदा मॅगझिनमध्ये एकच गोळी भरावी, मग दोन. चापाच्या एका दाबात दोन्ही सुटल्या, तर पिस्तूल तत्काळ परत न्यावे.

आपला नम्र,
एक वाचक