मनूच्या प्रश्नांबद्दल

पुणे,
ऑगस्ट

प्रिय वसू,

फोनवर घाईत होते, म्हणून 'सविस्तर लिहिते' म्हणाले, ते हे. मनूने बी.एस्सी.ला गणित घेतलं म्हणून तू धास्तावली आहेस. पण तू वाचून दाखवलेले तिचे प्रश्न ऐकून मला हसूच आलं. दर पावसाळ्यात माझ्या टेबलापाशी हेच प्रश्न येतात.

'बारावीला एवढे मार्क, मग आता फळ्यावरचं काहीच का कळत नाही?' हा त्यातला सगळ्यात खरा. बारावीपर्यंत पोरं गणितं सोडवतात. नमुना ओळखायचा, सूत्र घालायचं, मागच्या पानावर उत्तर ताडून बघायचं. इथे 'सिद्ध करा' म्हणतात आणि मागच्या पानावर काही नसतं. मग अप्पा बळवंत चौकातून गाईड येतं, सिद्धता पाठ होतात आणि पेपरात प्रश्न जरा फिरवून आला की पेन थांबतं.

दुसरा प्रश्न, 'डोळ्यांना दिसतंय ते सिद्ध कशाला करायचं?' यावर मी फळ्यावर 1 + 1/2 + 1/3 + 1/4 असं लिहीत जाते. पदं शून्याकडे चाललीत, म्हणजे बेरीज कुठेतरी थांबणारच, असं निम्मा वर्ग छातीठोक सांगतो. मग म्हणते, गट पाडा. 1/3 आणि 1/4 मिळून अर्ध्याहून जास्त. पुढची चार पदं, 1/5 ते 1/8, त्यातलं प्रत्येक निदान 1/8, म्हणजे पुन्हा अर्ध्याच्या वर. मग आठ पदं, मग सोळा. दर गटाला अर्ध्याहून जास्त भर पडते आणि गट काही संपत नाहीत. म्हणजे तू म्हणशील तो आकडा ही बेरीज कधी ना कधी ओलांडणार! कॅलक्युलेटरवर हे लक्षातही येत नाही, कारण नुसते 10 ओलांडायला 12,367 पदं लागतात. उलट 1 + 1/2 + 1/4 + 1/8 अशी कितीही पदं घे, 2 च्या पुढे जात नाही. पदं दोन्हीकडे शून्याकडेच जातात, मग फरक कुठे पडला? हे त्यांनाच टोचायला लागलं की एप्सिलॉन, म्हणजे 'कितीही जवळ' हे काटेकोर सांगायला सिद्धतेत वापरतात ते अक्षर, कशाला, असं कुणी विचारत नाही.

सिद्धता पाठ करू नको, असं मनूला बजाव. त्यापेक्षा प्रमेयातली एक अट खोडून बघायची. क्लोज्ड इंटरव्हलवरच्या, म्हणजे दोन्ही टोकं धरून घेतलेल्या पट्ट्यावरच्या, कंटिन्युअस (मध्ये कुठे न तुटणाऱ्या) फंक्शनला कमाल किंमत असतेच. 'क्लोज्ड' खोड. 0 आणि 1 च्या मधल्या उघड्या, म्हणजे टोकं वगळलेल्या, इंटरव्हलवर एक छेद एक्स घे आणि शोध कमाल! मोडलं कुठे हे कळलं की सिद्धतेत ती अट कुठे वापरली तेही दिसतं. गाईडमध्ये हे सापडत नाही.

'उपयोग काय?' हा प्रश्न मुलांपेक्षा आईबापच जास्त विचारतात, तूही विचारलासच. फ्रेंच गणिती फर्माने 1640 साली एका पत्रात मूळ संख्यांबद्दलचा एक छोटा सिद्धांत कळवला, सिद्धता मात्र लांबेल म्हणून पाठवली नाही. इंटरनेटवरचे व्यवहार सुरक्षित ठेवायला वापरतात ती आरएसए पद्धत 1977 मध्ये निघाली, ती त्याच सिद्धांतावर उभी आहे. बँकवाल्या बाईला आणखी काय सांगू?

नोकरीचं स्पष्टच सांगते. नुसत्या पदवीवर फारसं काही हाती लागत नाही. एम.एस्सी. करायचं तर जॅम (आयआयटींमधल्या एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा) किंवा आयएसआय (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट), सीएमआय (चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट) यांच्या प्रवेश परीक्षा आहेत. नसेल करायचं तर आत्तापासून प्रोग्रॅमिंग आणि संख्याशास्त्र नीट शिकावं. क्लासवाल्यांची माळ लावू नकोस.

पुण्यात आहे तर तिने इथला फायदा घ्यावा. लॉ कॉलेज रोडजवळ भास्कराचार्य प्रतिष्ठान ही गणिताची संस्था आहे, गणिती श्रीराम अभ्यंकरांनी 1976 मध्ये सुरू केलेली. तिथे एकदा जाऊन यावं. पदवीच्या मुलांसाठी माधव गणित स्पर्धा असते, तिचे जुने पेपरही सोडवावेत. बक्षीस मिळो न मिळो, तसे प्रश्न वर्गात कुणी घालत नाही.

रविवारी तिला जेवायला पाठव. वही आणायला सांग, अर्धवट सुटलेली असली तरी चालेल, मला खाडाखोडच बघायची आहे. आणि मेसच्या जेवणाला कंटाळली असेल तर थालीपीठ करीन.

काकूंना नमस्कार.

तुझी,
सुधा