तांब्यावरचं नाव

पुणे

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर बोलणं अर्धवट राहिलं. आणि आपल्या फिल्म कंपनीच्या नावाचा विषय काढला की आई "तुम्ही मुलंच ठरवा" म्हणून मोकळी होते, म्हणून पत्रच लिहायला बसले.

भागीदारीचा करार तयार आहे. दादा, वहिनी आणि मी, तिघांच्या सह्या तेवढ्या व्हायच्यात. फक्त नावाची जागा कोरी आहे. नाव नाही म्हणून बँकेत खातं नाही, आणि महोत्सवाच्या अर्जात निर्माता म्हणून माझंच नाव टाकावं लागतं. ते मनाला लागतं. फिल्म काय माझ्या एकटीची आहे?

बाबा, तुम्ही कुलदैवताचं नाव सुचवलंत. दादाला तुम्हा दोघांची नावं जोडायची आहेत. शांतारामबापूंनी १९४२ साली तसंच केलं होतं. वडील राजाराम, आई कमल, म्हणून राजकमल कलामंदिर. मलाही आधी तेच आवडलं होतं. मग एडिटिंगला बसले.

आपल्या स्वयंपाकघरातला शॉट आठवतोय? आजी पाणी ओतते तो. तांब्या अगदी जवळून दिसतो आणि त्याच्या पोटावर ठिपक्याठिपक्यांची अक्षरं: 'कु. वत्सला, निबंध स्पर्धा, प्रथम'. जन्मभर त्या तांब्यानं पाणी प्यायले, कधी वाचलं नव्हतं. शेजारच्या मुलानं विचारलं, "वत्सला कोण?" मी म्हटलं, "माझी आई." आणि पुढे बोलताच येईना.

आई, लग्नात तांदळावर 'सुनंदा' लिहिलं गेलं, आणि मामा सोडला तर वत्सला म्हणणारं कुणी उरलं नाही.

दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' केला, १९१३ साली. तेव्हा त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करायच्या, आणि रात्री अंधारात बसून कच्च्या फिल्मला भोकं पाडायच्या. दागिनेही त्यांनी काढून दिले. कंपनीचं नाव मात्र फाळके. हे वाचताना मला तूच दिसत होतीस. पाच दिवस चौदा माणसांचं जेवण, रात्री दोनला सीन संपल्यावर गरम पिठलं-भात, वर सकाळी सहाला चहा तयार. आणि बाबा, दुखऱ्या खांद्यानं थर्माकोल धरून तुम्ही उभे होतात. नायिकेच्या चेहऱ्यावरचा तो उजेड तुमचा आहे. श्रेयनामावलीत तुमचं नाव प्रकाशयोजनेत घातलंय, ते काढा म्हणू नका.

म्हणून माझ्या मनात 'वत्सला चित्र' आहे. एका वितरकानं "नाव जुनाट वाटतं" असं सांगितलं. मला नाही वाटत. हे नाव वापरायचं राहून गेलंय, इतकंच. दादा-वहिनी दोघंही तयार आहेत. हे नाव आधी कुणी घेतलंय का, ते वहिनी बघतेय.

बाबा, कुलदैवताला पहिला नारळ आपण सगळे मिळून वाढवू. पण या नावाला तुमचा मनापासून होकार हवा. आणि आई, तुझाही. "तुम्हीच ठरवा" चालणार नाही. नको वाटत असेल तर तसंही सांग, मी ऐकेन.

पुढच्या शनिवारी येतेय. तोवर तांब्या चिंचेनं घासू नकोस. ठिपक्यांत काळं बसलंय ते तसंच राहू दे. कागद ठेवून, पेन्सिल फिरवून त्या अक्षरांचा ठसा घ्यायचाय. पडद्यावरचं नाव त्याच अक्षरांत येईल.

तुमची,
छकुली