आधी एल-एस, मग आर-एम

चि. चिऊस,

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू सांगितलंस की रात्री दोन वाजेपर्यंत फाइली उघडत बसली होतीस. एक उघडायची, आतलं सगळं निवडायचं, कॉपी करायचं, मोठ्या तक्त्याच्या तळाशी चिकटवायचं, की पुढची. पावसाच्या वर्षभराच्या 365 फाइली, त्यातल्या 112 झाल्या आणि मग नव्वदावी दोनदा चिकटवली की काय, या शंकेनं तुला रडू आलं. मी तेव्हा नुसतं हं हं केलं, कारण देवघेवीच्या टेबलासमोर चार सभासद पुस्तकं हातात घेऊन उभे होते. आता वाचनालय बंद करून निवांत बसले आहे. हेच काम टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकायच्या चौकटीत, कसं झटपट होतं ते मुद्दाम कागदावर लिहिते, म्हणजे संगणकाशेजारी ठेवून टंकता येईल. आज्ञा मी आपण तोंडानं म्हणतो तशा देवनागरीत लिहिल्या आहेत. तू रोमन लिपीत टंक, आणि मी वेगळं सांगेन तिथे सोडून लहान अक्षरांतच. तिथे लहान आणि मोठं अक्षर वेगळं धरतात.

तुमच्या प्रयोगशाळेत लिनक्स आहे, टर्मिनल तू एकदा उघडलंस आणि "त्यात काहीच नाही गं, नुसती रेघ लुकलुकते" म्हणून बंद केलंस. आमच्याकडे मुक्तद्वार पद्धत येण्याआधी वाचक कपाटांपर्यंत जाऊ शकत नव्हता, आठवतं? खिडकीशी उभं राहून नाव किंवा दाखल क्रमांक सांगायचा, मग मामा आत जाऊन पुस्तक आणायचे. ज्याला नेमकं काय हवं ते माहीत नसे, त्याला ती खिडकी नकोशी वाटायची. पण ज्याच्याकडे वीस क्रमांकांची यादी तयार असे, त्याचं काम पाच मिनिटांत उरकायचं. ती रेघ म्हणजे खिडकीतले मामा आहेत. "बोला" म्हणून उभे आहेत, इतकंच.

सुरुवातीचं पटकन सांगते. पी-डब्ल्यू-डी म्हणजे मी आत्ता कुठल्या फोल्डरमध्ये उभी आहे. एल-एस म्हणजे इथे काय काय आहे. सी-डी म्हणजे आत जा, सी-डी आणि दोन टिंबं म्हणजे एक पायरी मागे ये. सी-पी नक्कल करतं. एम-व्ही हलवतं आणि नावही बदलतं, कारण त्याच्या लेखी दोन्ही एकच. लेस लावून फाइल वाचायची, क्यू दाबून बाहेर पडायचं. अडकलीस तर कंट्रोल आणि सी. लांबलचक नाव पूर्ण टंकू नकोस, दोन-तीन अक्षरं लिहून टॅब दाब, उरलेलं तेच भरतं. मला टॅबचा पत्ता सहा महिन्यांनी लागला. तोवर मी 'वार्षिक अहवाल अंतिम सुधारित' अवतरणचिन्हांत अख्खं टंकत बसायचे.

ही नावं इतकी तोटकी का, असं तू विचारशीलच. 1969 साली अमेरिकेत न्यू जर्सीच्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स नावाची संगणक प्रणाली रचायला घेतली, तेव्हा त्यांच्यापुढे पडदा नव्हता. टेलिटाइप होता, कागदावर छापणारा, सेकंदाला फार तर दहा अक्षरं. जडशीळ कळा दाबून लांब शब्द कोण टंकणार? दोन अक्षरांत भागवलं. लिनक्स पुढे 1991 मध्ये हेलसिंकीला शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सनं स्वतंत्रपणे लिहायला घेतलं, पण रीतभात त्याच घरची ठेवली.

आता माझी फजिती. तुला अर्धीच माहीत आहे.

एप्रिल 2014 मध्ये विंडोज एक्सपीला सुरक्षेची अद्यतनं मिळणं बंद झालं. आमचे दोन जुने संगणक नवं काही पेलणारे नव्हते, म्हणून एका सभासदाच्या भाच्यानं त्यांवर लिनक्स घालून दिलं. तू सातवीत होतीस. मी दाखलपुस्तकातल्या नोंदी संगणकावर घेत होते, कपाटागणिक एक फाइल. प्रत्येक फाइलची जुनी प्रत '.बॅक' शेपूट लावून शेजारीच पडलेली असायची. एका शनिवारी संध्याकाळी त्या जुन्या प्रती झाडून टाकाव्यात असं मनात आलं. पुसायची आज्ञा आर-एम. टंकायचं होतं 'आर-एम *.बॅक'. मी टंकलं 'आर-एम * .बॅक'.

चांदणीनंतर एक जागा सुटली, एवढंच. चांदणी म्हणजे 'इथलं सगळं'. जागा पडली की त्याच्या दृष्टीनं दोन वेगळ्या गोष्टी झाल्या: एक, इथल्या सगळ्या फाइली, आणि दुसरी, '.बॅक' नावाची एक फाइल. त्यानं इमानेइतबारे सगळ्या फाइली पुसल्या आणि मग एकच तक्रार केली की '.बॅक' नावाची फाइल काही सापडली नाही. मी ती ओळ वाचून म्हटलं, हं, म्हणजे जुन्या प्रती नव्हत्याच वाटतं. मग एल-एस केलं. काहीच आलं नाही. पुन्हा केलं. मग कचऱ्याची टोपली शोधायला लागले. आर-एमला टोपली नसते.

मंगळवारची एक प्रत पेन ड्राइव्हवर होती, म्हणून निभावलं. मंगळवार ते शनिवार घेतलेली 340 पुस्तकं पुन्हा घालायची होती. रविवारी बाबा दाखलपुस्तक मांडीवर घेऊन क्रमांक वाचत होते आणि मी टंकत होते. दर दहा पुस्तकांनी ते "जागा सोडू नकोस" म्हणायचे. अजूनही म्हणतात, पोस्टाचं पाकीट लिहिताना सुद्धा.

तेव्हापासून पुसायच्या आधी मी तेच वर्णन एल-एसला देऊन बघते. 'एल-एस *.बॅक'. जी यादी येईल तीच पुसली जाणार आहे, कारण चांदणीचा विस्तार आर-एम करतच नाही. तो त्याच्या आधीच शेल (म्हणजे तेच ते खिडकीतले मामा) करतं आणि नावांची तयार यादी आर-एमच्या हातात ठेवतं. यादी पटली की वरचा बाण दाबायचा, एल-एस खोडून आर-एम लिहायचं, बाकीच्या ओळीला हात लावायचा नाही. आर-एमला उणे-आय जोडलं तर ते प्रत्येक फाइलला विचारतं, पण तिसऱ्या फाइलनंतर माणूस न वाचताच 'वाय' दाबत सुटतो. माझा भरवसा एल-एसवरच.

आता तुझा पाऊस. तुझ्या प्रत्येक फाइलीत पहिली ओळ मथळ्याची आणि खाली चोवीस तासांच्या चोवीस ओळी, असं मला समजलं. मथळे सोडून सगळं एकाखाली एक लावायचं:

टेल -क्यू -एन +2 *.टीएक्सटी > ../सगळं

'+2' म्हणजे दुसऱ्या ओळीपासून शेवटपर्यंत. उणे-क्यू म्हणजे मध्ये मध्ये फाइलींची नावं छापू नकोस. बाणाचं टोक म्हणजे उत्तर पडद्यावर न दाखवता फाइलीत ठेव, आणि दोन टिंबं घातली आहेत ती निकाल वरच्या फोल्डरमध्ये पडावा म्हणून, नाहीतर तोही कच्च्या मालात मिसळायचा. एक बाण जुनी फाइल कोरी करून लिहितो, दोन बाण शेवटाला जोडतात. आणि 'सॉर्ट यादी > यादी' असं चुकून सुद्धा करू नकोस. सॉर्ट वाचायला बसण्याआधीच शेलनं ती फाइल लिहायला उघडून कोरी केलेली असते. त्यासाठी सॉर्टचं स्वतःचं उणे-ओ आहे.

मग मोज: 'डब्ल्यू-सी -एल ../सगळं'. 365 गुणिले 24, म्हणजे 8760 यायला हवेत. आले तर नव्वदावी दोनदा लागली नाही, जा, झोप. 8752 आले तर घाबरू नकोस. डब्ल्यू-सी ओळी मोजत नाही, ओळ संपल्याच्या खुणा मोजतं. काही फाइलींच्या शेवटच्या ओळीनंतर एन्टर दाबलेलं नसतं, मग एका दिवसाची रात्री अकराची नोंद दुसऱ्या दिवसाच्या पहिल्या नोंदीला चिकटते. अशा वेळी टेल सोड आणि ऑक (ए-डब्ल्यू-के) वापर: ऑक 'एफएनआर>1' *.टीएक्सटी, पुढे तोच बाण. इथे एफएनआर तेवढं मोठ्या अक्षरांत टंक. प्रत्येक फाइलीतली पहिली ओळ गाळायची, असा त्याचा अर्थ, आणि ऑक प्रत्येक ओळीला स्वतःची संपल्याची खूण देतं. अवतरणचिन्हं विसरू नकोस, नाहीतर तिथला '>' शेल स्वतःसाठी घेईल आणि '1' नावाची फाइल तयार होईल. माझ्याकडे तशा दोन होत्या.

आणखी एक. फाइलींची नावं 1, 2, 3 अशी असतील तर 1 नंतर 10 येईल, मग 100. नावं अक्षरांसारखी लावली जातात. 001 पासून दिलेली असतील तर प्रश्न नाही.

खरी गंमत उभ्या रेघेत आहे, एन्टरच्या वरच्या कळेवर शिफ्ट दाबून येते ती. एका आज्ञेचं उत्तर पुढच्या आज्ञेच्या तोंडात घालायचं. डग मॅकइलरॉय यांनी ही कल्पना बेल लॅब्जमध्ये लावून धरली आणि 1973 मध्ये थॉम्प्सननं ती एका रात्रीत बसवून दिली. आमच्या कार्यकारिणीत दोन वर्षांपूर्वी बालविभागाची खरेदी थांबवायचा विषय निघाला. मुलं हल्ली वाचत नाहीत, असं सगळ्यांचं ठाम मत. माझ्याकडे देवघेवीची फाइल होती: तारीख, सभासद क्रमांक, दाखल क्रमांक, मध्ये टॅब. मी लिहिलं:

कट -एफ3 देवघेव | सॉर्ट | युनिक -सी | सॉर्ट -एनआर | हेड

कटनं तिसरा रकाना तेवढा कापून दिला. सॉर्टनं सारखे क्रमांक शेजारी आणले. युनिक (यू-एन-आय-क्यू, एवढंच टंकायचं) फक्त लगतच्या ओळी ताडून बघतं, दूरवर पडलेलं जुळं त्याला दिसत नाही, म्हणून आधी सॉर्ट हवंच. मी तालिकापत्रं टेबलावर पसरून आधी लावायची आणि मग गठ्ठे मोजायची, तसंच. उणे-सीनं किती वेळा ते पुढे लिहिलं, दुसऱ्या सॉर्टनं आकड्यांनी उतरत्या क्रमात लावलं, हेडनं वरचे दहा दाखवले. दहातली सात पुस्तकं बालविभागाची निघाली. ती दहा ओळींची चिठ्ठी मी सभेत वाचली. खरेदी चालू राहिली, ठराव मात्र "चर्चेअंती" असाच लिहिला गेला.

ग्रेपचं तुला फारसं सांगायला नको, शब्द देऊन ओळी शोधतं. नाव थॉम्प्सनच्याच मजकूर संपादनाच्या एका जुन्या प्रोग्रॅममधल्या आज्ञेवरून आलं. पण मराठीत त्याचा एक फटका बसतो, तो कुठल्या पुस्तकात मला वाचायला मिळाला नव्हता. सभासदांच्या पत्त्यांत मी 'कऱ्हाड' शोधलं तर अकरा आले. आपल्याकडे कऱ्हाडचे सभासद अकरा? डोळ्यांनी बघितलं तर चाळीसच्या वर. अर्धचंद्रासारखा तो 'ऱ' दोन रीतींनी टंकता येतो: स्वतंत्र 'ऱ' ला हलन्त देऊन, नाहीतर साध्या 'र' ला हलन्त आणि पुढे एक अदृश्य जोडखूण. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, ग्रेपला मात्र दोन वेगळे शब्द. आमच्याकडे नोंदी करणाऱ्या दोघींचे कळफलक वेगळे होते. सेड या शोधून बदलणाऱ्या आज्ञेनं सगळे एका रीतीत आणले, तेव्हा पत्ते जुळले.

वेळ मिळाला की 'इको मराठी | डब्ल्यू-सी -सी' करून बघ. सोळा येतील. युटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. म, र, काना, ठ, वेलांटी ही पाच, म्हणून पंधरा, आणि ओळ संपल्याची खूण एक. उणे-सीऐवजी उणे-एम दिलंस तर सहा. ही युटीएफ-8 सुद्धा थॉम्प्सनचीच, रॉब पाइकबरोबर 1992 मध्ये, न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत ताटाखालच्या कागदावर आखलेली. तो कागद नसता तर मला या खिडकीत मराठी शोधताच आली नसती.

सॉर्टचं मराठीशी मात्र अधूनमधून बिनसतं. युनिकोडनं प्रत्येक अक्षराला दिलेले नुसते क्रमांक बघून लावलं की 'ळ' हा 'ल' आणि 'व' यांच्यामध्ये येतो, म्हणजे काळे आधी, मग कावळे, मग काशीद. आपल्या वर्णमालेत 'ळ' 'ह' च्याही पुढे, तेव्हा काळे शेवटी हवेत. क्षीरसागर 'क' च्या टोकाला जाऊन बसतात, आणि ते बघून एका सभासदांनी यादीत आपलं नावच नाही म्हणून वर्गणी द्यायची थांबवली होती. छापायच्या याद्या मी अजून हातानं तपासते.

तर शुक्रवारपर्यंत एवढं कर: हेड -एन 3 लावून कुठल्याही एका फाइलीच्या पहिल्या तीन ओळी मला पाठव. रकान्यांच्या मध्ये टॅब आहे की स्वल्पविराम ते बघून महिन्यागणिक बेरीज ऑकनं कशी करायची ते लिहीन. आणि मूळ फाइलींचं फोल्डर 'सी-पी -आर' नं आधी दुसरीकडे ठेव. हे पत्र खाली ठेवून आत्ताच ठेव.

बाबांनी तुझ्यासाठी नवा पेन ड्राइव्ह आणलाय. त्यावर पेनानं 'मंगळवार' लिहून ठेवलंय.

तुझी,
आई