मेगावॅट छापता, तसे युनिटही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

देशाच्या वीजनिर्मिती क्षमतेपैकी निम्मी आता कोळसा-गॅस सोडून इतर स्रोतांची झाली, २०३० चं उद्दिष्ट पाच वर्षं आधीच गाठलं, ही बातमी २०२५ च्या जुलैत सगळीकडे झळकली. आकडे खरे आहेत. जून २०२५ अखेर एकूण क्षमता सुमारे ४८४ गिगावॅट (एक गिगावॅट म्हणजे हजार मेगावॅट), त्यातली २४२ पाणी, ऊन, वारा, अणू वगैरेंची. पण २०२४-२५ मध्ये प्रत्यक्षात जी वीज तयार झाली, तिच्यातली सत्तर टक्क्यांहून जास्त कोळशाचीच होती. "मग निम्मी गेली कुठं?" असं शेजारच्या अण्णांनी विचारलं, तेव्हा त्यांच्याच गोठ्याचा दाखला द्यावा लागला. डेअरी बिल काढते ते लिटरवर, दावणीला म्हशी किती यावर नाही. मेगावॅट म्हणजे म्हशी, युनिट म्हणजे दूध. सौर प्रकल्प वर्षाच्या हिशेबानं क्षमतेच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढीच वीज देतो, आणि दिवस मावळला की भाकड.

मी पाटण तालुक्यातला. वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या तेव्हा लोक गाड्या करून बघायला यायचे. त्या काळी सातारा जिल्हा देशात वाऱ्याच्या विजेसाठी ओळखला जायचा. आज गुजरात आणि तामिळनाडू कुठल्या कुठे गेले. आमच्या पठारावर सुरुवातीच्या काही चक्क्या साडेतीनशे किलोवॅटच्या आहेत, आणि नव्या चक्क्या तीन मेगावॅटच्या येतात. म्हणजे चांगल्या वाऱ्याची जागा जुन्या, छोट्या यंत्रांनी अडवून ठेवलेली. ती बदलण्यासाठी केंद्राचं धोरण २०१६ मध्ये आलं, २०२३ मध्ये सुधारलं. आम्हाला खालून अजून तेच पंखे दिसतात.

छपरांचंही तसंच. २०२२ पर्यंत छपरांवर ४० गिगावॅट सौर बसवायचं ठरलं होतं. मुदत संपली तेव्हा त्याचा पाव हिस्साही झालेला नव्हता. २०२४ मध्ये सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान मिळू लागलं, तेव्हा कुठं गाडी हलली. पण ज्याला स्वतःचं छप्पर आहे, त्याचीच. मुंबईतल्या चाळीत राहणाऱ्या माझ्या भाच्यानं पॅनल कुठं टांगायचं?

राजस्थानात तर उलटीच तऱ्हा. तिथं ऊन आहे, प्रकल्प आहेत, पण वीज वाहून न्यायला वाहिन्या पुरत नाहीत, म्हणून भर दुपारी काही प्रकल्पांना उत्पादन कमी करायला सांगितलं जातं. सौर प्रकल्प वर्ष-दीड वर्षात उभा राहतो. उच्चदाब वाहिनीला जमिनीपासून परवानग्यांपर्यंत त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. हे आधी कुणाच्या लक्षात आलं नसेल, असं मानणं अवघड आहे.

सगळंच वाईट चाललंय असं मला म्हणायचं नाही. ज्या गोष्टीचं मी मनापासून स्वागत करतो ती म्हणजे शेतीचे फिडर, म्हणजे शेतीपंपांना वीज पुरवणाऱ्या वाहिन्या, सौरवर नेण्याची योजना. आमच्या पिढीनं थंडीवाऱ्यात, बिबट्याच्या आणि सापाच्या भीतीनं, बॅटरी घेऊन रात्री पिकाला पाणी द्यायला दारं धरली, कारण शेतीला लाईट रात्रीची. दिवसा पाणी पाजता येणं म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकाला सांगून कळायचं नाही. उन्हाची वीज उन्हातच वापरायची, ही त्यातली खरी अक्कल. साठवणुकीचा खर्च नाही, लांब वाहून न्यायचीही गरज नाही.

राहिला प्रश्न संध्याकाळचा. घाटघरला २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प २००८ पासून आहे. मागणी कमी असताना पाणी वर चढवायचं, गरज लागली की खाली सोडून वीज करायची. सह्याद्रीच्या कड्यासारखी याला सोयीची जागा देशात फार थोडी. तरी इतक्या वर्षांत या जातीचं काम नेटानं पुढं गेलं नाही, आणि दिवेलागणीला आपण पुन्हा चंद्रपूरच्या भट्ट्यांकडे बघतो.

आपणास एकच विनंती. देशात रोज कोणत्या स्रोतातून किती वीज तयार झाली, याचा अहवाल ग्रिड इंडिया ही देशाचं वीजजाळं सांभाळणारी सरकारी कंपनी प्रसिद्ध करते. हवामानाच्या चौकटीशेजारी दोन ओळींची जागा काढून तो आकडा रोज छापावा. शक्य असेल तर रात्री आठचा वेगळा द्यावा.

आपला,
एक वाचक, पाटण (जि. सातारा)