एडिंबरोचे सोने आणि गरम पाणी

महोदय,

युद्धात बुडालेल्या जहाजांवरील आपला लेख आवडला, पण त्यातले डायव्हर निव्वळ खजिन्याच्या मागे लागलेले वाटतात. मी अकरा वर्षे बॉम्बे हाय या मुंबईजवळच्या समुद्री तेलक्षेत्रात, डायव्हरना पाण्यात उतरवणाऱ्या जहाजावर इंजिनिअर होतो, म्हणून राहवले नाही.

ब्रिटिश युद्धनौका 'एडिंबरो' मुर्मान्स्कहून निघाली ती रशियाने युद्धसामग्रीच्या मोबदल्यात दिलेल्या सोन्याच्या ४६५ विटा घेऊन. जर्मन पाणबुडीचे टॉर्पेडो लागले आणि २ मे १९४२ रोजी ती बॅरेंट्स समुद्रात बुडाली. खोली सुमारे २४५ मीटर. आत पन्नासहून अधिक खलाशांचे अवशेष, म्हणून ती युद्धसमाधी. सुरुंग न लावता पोलाद कापून आत शिरण्याची योजना मांडणाऱ्यांना सोने काढण्याचे काम मिळाले, त्यामागे हेही एक कारण होते. १९८१ मध्ये ४३१ विटा वर आल्या, १९८६ मध्ये आणखी २९. उरलेल्या पाच तिथेच आहेत. (राहू द्याव्यात, असे माझे मत.)

हे डायव्हर दिवसचे दिवस जहाजावरच, खोल पाण्याइतक्या दाबाच्या टाकीत राहत, श्वासासाठी हेलियम-ऑक्सिजनचे मिश्रण घेत. आवाज बदकासारखा होतो. हेलियम अंगातली ऊब झपाट्याने ओढून घेतो, त्यामुळे सूटमध्ये सतत गरम पाणी सोडावे लागते. आमच्याकडे तो पंप माझ्या ताब्यात होता. आमचा समुद्र उबदार, खोली जेमतेम ७५ मीटर. तरी एकदा पंप दोन मिनिटे अडखळला तेव्हा खालच्या डायव्हरच्या फोनवरून आलेल्या शिव्या अजून आठवतात. बॅरेंट्सच्या गोठवणाऱ्या पाण्यात काय झाले असते?

– एक निवृत्त मरीन इंजिनिअर, रत्नागिरी