फवारणीचा दोष नव्हे, दत्ता

पुणे,
रविवार, रात्री

प्रिय दत्ता,

काकू घरी आल्या, परवा स्वतः उठून चहा केला, हे तुझ्याकडून ऐकलं आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ तसाच बसून राहिलो. काकूंच्या रक्तातल्या बुरशीच्या आजारापायी दीड महिना तू आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर काढलास. त्या दिवसांत तू काही विचारायचास आणि मी दोन वाक्यांत गुंडाळायचो, याची मला बोच आहे. म्हणून आज सगळं सविस्तर लिहितो.

आधी तुझ्या मनातला काटा काढतो. तू म्हणालास, "द्राक्षाच्या मांडवावर भुरी रोगासाठी हेक्साकोनॅझोल मारतो आणि आईला दिलं फ्लुकोनॅझोल. नावं सख्ख्या भावांसारखी. माझ्या फवारणीनेच ती बुरशी औषध पचवायला शिकली नाही ना?" नाही, दत्ता. दोन्ही औषधं एकाच घराण्यातली, ट्रायझोल, हे तू बरोबर ओळखलंस. बुरशीच्या पेशीच्या आवरणाला एर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ लागतो, आणि तो तयार होताना एकाच पायरीवर दोन्ही औषधं घाव घालतात. पण काकूंच्या रक्तात सापडली ती कॅन्डिडा अल्बिकन्स. ती तुझ्या बागेतून आलेली नाही. ती आपल्यापैकी कितीतरी जणांच्या तोंडात, आतड्यात मुकाट राहते. अशक्तपणा, भरपूर अँटिबायोटिक, शिरेत दिवसेंदिवस ठेवलेली नळी असं सगळं जुळून आलं की ती रक्तात उतरते. अ‍ॅस्परजिलस नावाची दुसरी एक बुरशी आहे. तिच्या बाबतीत शेतीतल्या ट्रायझोलचा संबंध लागला आहे, आणि नेदरलँड्समध्ये त्यावर बरंच काम झालंय. तेव्हा तुझी शंका वेडगळ नव्हती. पण काकूंच्या आजाराचं ओझं तू वाहू नकोस.

मग तीन आठवड्यांत ती बुरशी औषधाला दाद देईनाशी कशी झाली? याचं उत्तर पेशीच्या विभाजनात आहे, आणि माझं निम्मं आयुष्य त्यातच गेलंय.

शाळेत साखरेच्या पाण्यातलं यीस्ट सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं होतं, आठवतं? आईपेशीच्या अंगावर कळी फुटते, ती वाढते, गुणसूत्रांचा एक संच तिच्यात जातो, मध्ये भिंत पडते आणि लेक वेगळी होते. कलिकायन. परीक्षेत आपण ते चार ओळींत लिहायचो. पण त्या चार ओळींतली प्रत्येक पायरी कुठल्या ना कुठल्या जनुकाच्या हातात असते. हे कळलं ते बिघाडांमुळेच. अमेरिकेत सिअ‍ॅटलला लेलँड हार्टवेल यांनी 1970 च्या सुमारास पावाच्या यीस्टचे असे वाण शोधले, की जे थंडाव्यात नीट वाढत आणि 36 अंशांवर नेले की विभाजनाच्या ठरावीक टप्प्यावर अडकून पडत. कुणाला कळीच फुटेना, कुणाची कळी मोठी होऊन तशीच राही. जिथे अडकलं तिथलं जनुक बिघडलं, एवढा साधा तर्क. त्यावर 2001 चं नोबेल पॉल नर्स आणि टिम हंट यांच्याबरोबर त्यांना मिळालं. नर्स यांच्या गटाने 1987 मध्ये तर विभाजन सुरू करणारं माणसाचं जनुक यीस्टमध्ये घातलं, आणि ते तिथे चाललं! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. बुरशीवर औषधं इतकी थोडी का, याचं कारणही इथेच आहे. ती आपली लांबची नातलग. तिच्या विभाजनावर घाव घालावा तर तो आपल्याही पेशींना लागतो.

आता काकूंची बुरशी. अल्बिकन्समध्ये गुणसूत्रांच्या 8 जोड्या, म्हणजे दोन संच. फ्लुकोनॅझोल तिला मारत नाही, वाढ रोखून धरतं. उरलेलं काम शरीराच्या पांढऱ्या पेशींनी करायचं. काकूंच्या अंगात तेव्हा तेवढी ताकद नव्हती, त्यामुळे बुरशी दबून राहिली पण संपली नाही. या दबलेल्या अवस्थेत ती काय करते, ते ज्यूडिथ बर्मन या संशोधिकेच्या गटाने 2014 मध्ये दाखवलं. औषधात वाढणाऱ्या काही पेशींत आई आणि लेक वेगळ्या होतच नाहीत. तशाच चिकटलेल्या राहून लेकीलाही कळी फुटते. आई, लेक आणि नात, तिघींची एक गाठ. अशा गाठीला त्यांनी 'ट्रायमेरा' नाव दिलं. या गोंधळात केंद्रकांची वाटणी चुकते आणि दोनाऐवजी चार संच असलेली पेशी निपजते. पुढच्या विभाजनांत ते चार संच सारखे वाटले जात नाहीत. कुणाला एखादं गुणसूत्र जास्त मिळतं, कुणाला कमी.

यातल्या बहुतेक पेशींचं या चुकीने काही भलं होत नाही. पण एखादीला पाचव्या गुणसूत्राची डावी बाजू जास्तीची मिळते. त्या बाजूवर दोन जनुकं आहेत. एक, औषध ज्याच्यावर घाव घालतं ते प्रथिन बनवणारं. दुसरं, पेशीत शिरलेलं औषध बाहेर फेकणारे पंप चालू करणारं. दोन्ही वाढली की औषधाचं लक्ष्यही वाढलं आणि पंपही वाढले. 2006 मध्ये याच गटाला, औषधाला न जुमानणाऱ्या वाणांत, पाचव्या गुणसूत्राच्या दोन डाव्या बाजू जोडून बनलेलं एक जादा गुणसूत्रच सापडलं होतं. काकूंच्या बुरशीत हेच घडलं की एखाद्या जनुकाच्या डीएनएतलं एखादंच अक्षर बदललं, हे तपासल्याशिवाय मी सांगणार नाही. वाट कुठलीही असो, निवड औषधाच्या दाबाखाली झाली. एकच औषध पुन्हापुन्हा मारल्यावर भुरी हटत नाही, हे तू मला बांधावर उभं राहून समजावलं होतंस. हे तेच आहे, फक्त माणसाच्या रक्तात.

तुला वाटेल, मग चुका जितक्या जास्त तितकं बुरशीचं फावतं. मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं. पण विभाजनावर पहारा ठेवणारं मॅड2 नावाचं प्रथिन आहे. प्रत्येक गुणसूत्राला ओढणारा तंतू नीट जोडला गेल्याशिवाय ते वाटणी होऊ देत नाही. सिंगापूरच्या एका गटाने 2002 मध्ये अल्बिकन्समधून त्याचं जनुक काढून टाकलं. पहारेकरी नसलेली ती बुरशी प्रयोगशाळेत जगली, पण शरीरातल्या भक्षक पेशींपुढे टिकली नाही, आणि उंदरांना मारण्याची तिची ताकद गेली. म्हणजे अडचणीच्या वेळी झालेली एखादी चूक बुरशीला तारते, पण कायमचा ढिलेपणा तिलाच भोवतो. मला हा सगळ्या विषयाचा गाभा वाटतो. उत्परिवर्तन चांगलं की वाईट, हे ते कुठल्या पायरीवर, कुठल्या जातीत आणि कुणाच्या शरीरात घडलं यावर ठरतं.

एसीई2 या जनुकाचंच बघ. लेकीला आईपासून सुटं करणारी विकरं याच्या हुकमाने बनतात. ते बिघडलं की विभाजन पूर्ण होतं, पण पेशी एकमेकींना सोडत नाहीत आणि घोस तयार होतो. 2004 मध्ये दोन वेगळ्या अभ्यासांत ते दोन जातींतून काढून पाहिलं. अल्बिकन्सचा तो वाण उंदरांमध्ये दुबळा ठरला. कॅन्डिडा ग्लाब्राटाचा मात्र प्रतिकारशक्ती खच्ची केलेल्या उंदरांमध्ये भयंकर मारक झाला. एकच जनुक, तोच बिघाड, आणि परिणाम पार उलटे. हे विद्यार्थ्यांना शिकवताना मी दरवेळी थांबतो, त्यांनाही थांबवतो. दवाखान्यांत धास्ती वाटते त्या कॅन्डिडा ऑरिसमध्येही या जनुकाच्या बिघाडाने पेशींचे असेच घोस होतात.

आपल्या देशात या विषयावर फार मोलाचं काम झालंय, तेही सांगतो. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटरमध्ये कौस्तुव सन्याल आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अल्बिकन्सच्या गुणसूत्रबिंदूंवर बरीच वर्षं काम केलं. गुणसूत्राला तंतू जोडला जातो ती ही जागा. पावाच्या यीस्टमध्ये ती फक्त 125 अक्षरांची, सगळ्या गुणसूत्रांवर जवळपास सारखी. अल्बिकन्समध्ये जवळजवळ 3000 अक्षरांची, आणि आठही गुणसूत्रांवर वेगवेगळी! तिथे प्रथिनांचा जो सांधा बसतो, त्यातलं एक महत्त्वाचं प्रथिन काढलं तरी अख्खा सांधा कोसळतो, असं त्यांनी 2012 मध्ये दाखवलं. त्या सांध्यातला डॅम1 हा प्रथिनांचा संच माणसात नाही, आणि अल्बिकन्स त्याच्यावाचून जगत नाही. माझी आशा तिथे आहे. बुरशीला लागेल आणि काकूंना लागणार नाही, असा घाव तिथे घालता यावा.

शेवटी काकूंना ज्याने उतार पडला ते दुसरं औषध पेशीच्या भिंतीवर काम करतं. आपल्या पेशींना तशी भिंतच नाही, म्हणून ते आपल्याला त्यामानाने सोसतं. डॉक्टरांनी रक्ताची पुढची तपासणी सांगितली आहे ना? ती चुकवू नकोस. काकू म्हणतील, मी ठणठणीत आहे, कशाला सुया टोचून घेऊ. ऐकू नकोस त्यांचं. डोळेही एकदा तपासून घे, ही बुरशी रक्तातून डोळ्याच्या पडद्यापर्यंत जाऊ शकते. हे डॉक्टरांना आठवणीने विचार.

बेदाणा शेडवर टाकायच्या आधी एकदा तासगावला येईन म्हणतो. तुझ्या मागच्या हंगामाच्या फवारणीची वही काढून ठेव. एकाच घराण्याची औषधं पाठोपाठ किती वेळा पडली ते दोघं बसून बघू.

काकूंना साष्टांग नमस्कार. वहिनींना नमस्कार, धाकटीला गोड पापा.

तुझा,
विनू