पक्याला पत्र, त्या दोन सुरांवरून

प्रिय पक्या,

परवा फोनवर तू छातीठोकपणे म्हणालास की मँचेस्टरमध्ये सत्तरीच्या शेवटी एवढे बॅन्ड उभे राहिले ते लंडनच्या सेक्स पिस्टल्स ह्या पंक रॉक बॅन्डमुळे, आणि मी नेमका गाडी चालवत होतो म्हणून नुसतं हं हं केलं, पण ते काही डोक्यातून जाईना. म्हणून हे पत्र. लांबलंय, निवांत वाच.

मला एक सांग, पिस्टल्सना मँचेस्टरला बोलावलं कोणी? बोल्टनच्या कॉलेजातली दोन पोरं, हॉवर्ड डेव्होटो आणि पीट शेली. १९७६ च्या फेब्रुवारीत एनएमई ह्या संगीताच्या साप्ताहिकात पिस्टल्सच्या एका शोबद्दल त्यांनी वाचलं आणि सरळ गाडी काढून दक्षिणेला गेले, हाय विकम आणि वेलविन गार्डन सिटी असे दोन शो बघून आले. आता आपण असतो तर परत येऊन वर्षभर त्याबद्दल नुसतं बोललो असतो. ह्यांनी मँचेस्टरचा लेसर फ्री ट्रेड हॉल ठरवला, तारीख ४ जून १९७६, तिकीट ५० पेन्स. ठरलं असं होतं की आधी ह्यांचा बॅन्ड बझकॉक्स वाजवणार, पण बेसवाला आणि ड्रमर गळाले, मग बोल्टनचाच एक जुन्या वळणाचा रॉक बॅन्ड आधी उभा केला आणि वेळ मारून नेली. स्वतः आयोजक आणि स्वतःचाच बॅन्ड नाही, बोल आता!

लोक किती आले? चाळीसेक. (आज विचारलंस तर हजारभर तरी सांगतील की आम्ही होतो तिथे.) पण त्या चाळिसांत पुढे जॉय डिव्हिजन काढणारे पीटर हुक आणि बर्नार्ड समनर होते, द स्मिथ्सचा गायक झालेला मॉरिसी होता, द फॉल काढणारा मार्क ई. स्मिथ होता. हुकने दुसऱ्या दिवशी आईकडून पैसे उसने घेऊन बेस गिटार आणली, वाजवता येत नव्हती तरी. आणि स्टीव्ह डिगलचा किस्सा तर भारीच आहे, तो बिचारा हॉलच्या बाहेर भलत्याच माणसाची वाट बघत उभा होता, बॅन्ड काढायचं बोलायला, तर दारावरच्या माल्कम मॅकलॅरेनला, म्हणजे पिस्टल्सच्या मॅनेजरला, वाटलं की बझकॉक्सवाले ज्याची वाट बघतायत तो हाच, आणि त्याने ह्याला आत नेऊन शेलीसमोर उभा केला. अशी गफलत झाली आणि बॅन्डला बेसवाला मिळाला. २० जुलैला पिस्टल्स परत त्याच हॉलमध्ये आले तेव्हा बझकॉक्स स्टेजवर होते. दीड महिना फक्त.

पण माझा खरा मुद्दा ह्याच्या पुढचा आहे. शो काय, येतात आणि जातात.

२८ डिसेंबर १९७६, मँचेस्टरचा इंडिगो स्टुडिओ, आत बझकॉक्स. चार गाणी, रेकॉर्डिंगला तीन तास आणि मिक्सिंगला दोन. पाचशे पौंड गोळा केले, त्यात शेलीच्या वडिलांचेही होते. प्रोड्यूसर मार्टिन हॅनेट, हो तोच, जो पुढे जॉय डिव्हिजनच्या रेकॉर्ड करणार होता. लंडनच्या कंपन्यांच्या पायऱ्या झिजवण्यापेक्षा न्यू हॉर्मोन्स नावाचं घरचं लेबल काढलं आणि जानेवारी १९७७ च्या शेवटी त्या चार गाण्यांची रेकॉर्ड, 'स्पायरल स्क्रॅच', बाजारात. कव्हरवर मॅनेजर रिचर्ड बूनने काढलेला पोलरॉइड फोटो. हजार कॉपी काढल्या होत्या, त्या संपल्या, परत काढल्या, करत करत सोळा हजारांवर गेल्या. जगातली पहिली मात्र म्हणू नकोस हं, ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या द सेंट्स ह्या बॅन्डने त्याआधीच, सप्टेंबर १९७६ मध्येच स्वतःच्या लेबलवर रेकॉर्ड काढली होती. ब्रिटनच्या पंकवाल्यांत स्वतःच्या जिवावर काढलेली पहिली ही.

माझ्याकडे डोमिनो ह्या लेबलने २०१७ ला परत काढलेली आहे, आत्ता समोरच ठेवलीय. मागची बाजू बघ. प्रत्येक गाण्यापुढे लिहिलंय कितवा टेक आणि वरून काय चढवलं, म्हणजे डब. 'ब्रेकडाउन', तिसरा टेक, डब नाही. 'बोअरडम', पहिला टेक, गिटार डब. मी आधी ह्याच्याकडे कधी लक्षच दिलं नव्हतं रे, वाटायचं काहीतरी टेक्निकल बडबड आहे. पण एखाद्या पोराने ते मँचेस्टरमध्ये बसून वाचलं असेल तर त्याला काय कळलं असेल? की पहिल्याच टेकमध्ये झालंय, म्हणजे ह्यात जादू नाही, एक दुपार लागते आणि उसने पैसे लागतात. त्या 'बोअरडम'मधला सोलो ऐकलायस ना, दोनच सूर, तेच ते, सहासष्ट वेळा. तू हसला होतास त्यावर. पण दोन सूर कोणालाही वाजवता येतात, हेच तर आहे सगळं!

मग बघ काय काय झालं. मे १९७७ मध्ये मँचेस्टरच्या इलेक्ट्रिक सर्कस क्लबात हुक-समनरच्या वॉर्सॉचा, म्हणजे पुढच्या जॉय डिव्हिजनचा, पहिलावहिला शो झाला तो बझकॉक्सच्याच आधी. द फॉलचं पहिलं रेकॉर्डिंग झालं ते रिचर्ड बूनच्या पैशावर. १९७८ ला फॅक्टरी हे मँचेस्टरचंच लेबल आलं. १९७९ ला जॉय डिव्हिजन बझकॉक्सच्या टूरवर सोबत फिरले. लंडनला न जाता गावातच राहून होतं, हे आधी कोणीतरी करून दाखवावं लागतं.

आता तू मला इथे पकडणार, माहितीय. डेव्होटो रेकॉर्ड आल्यावर लगेच बाहेर पडला आणि मॅगझीन नावाचा बॅन्ड काढला, आणि उरलेल्यांनी ऑगस्ट १९७७ मध्ये युनायटेड आर्टिस्ट्सशी करार केला, म्हणजे मोठ्या कंपनीकडेच गेले की. गेले. मला स्वतःला ते खटकतंच थोडं, पण पुढची शेलीची गाणी ऐकली की राग टिकत नाही, प्रेमाच्या गाण्यात तो समोरचा मुलगा की मुलगी हे मुद्दाम सांगायचाच नाही, त्या काळात. २०१८ च्या डिसेंबरमध्ये तो एस्टोनियातल्या टॅलिनला वारला तेव्हा मी दिवसभर काही ऐकलं नव्हतं.

हे सगळं लिहिताना सारखा आपला बॅन्ड आठवतोय. तीन वर्षं आपण चांगला अ‍ॅम्प येऊ दे, ड्रमरचा हात बसू दे म्हणत काढली आणि एकही शो केला नाही, आणि मला वाटतं सगळ्यात जास्त मीच अडवलं होतं. तू तेव्हा म्हणाला होतास, जसं येतंय तसं टेप करू. मी ऐकलं नाही.

तुझी ती बेस गिटार अजून आहे का रे? असली तर पुढच्या महिन्यात मी येतोय तेव्हा बाहेर काढून ठेव. तारा बदलू नकोस, गंजल्या असतील तर असू दे.

तुझाच,
मिल्या